नट नव्हता गेला

"काका, हाफ नट गेलाय. लेथवर नवा करून द्या," म्हणत गिऱ्हाइकाने वाईस, म्हणजे काम घट्ट धरायचा शिकंजा, टेबलावर ठेवला. पुण्याच्या जुन्या बाजारातून उचललेला, साडेचार इंची, शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीचा. तक्रार एकच: आवळताना जबडा कट्‌कन मागे घसरतो.

आधी दोरीने टांगून छोट्या हातोडीने वाजवला. खणखणीत आवाज आला, म्हणजे बिडाला तडा नाही. तडा असता तर बद्द वाजला असता आणि पुढचं सगळं थांबवलं असतं.

या जातीच्या वाईसला पुढे खटका असतो. तो दाबला की नट (हाच तो हाफ नट, अर्ध्या गोलाचा) स्क्रूपासून सुटतो आणि जबडा हाताने सरकतो. सोडला की स्प्रिंग नटाला परत आट्यांत बसवते. आटे बट्रेस, म्हणजे एका बाजूने जवळजवळ सरळ, दुसऱ्या बाजूने उतरते. ताण सरळ बाजूवर येतो. पण नट पूर्ण आत गेला नाही तर नुसती टोकं अडकतात, आणि जोर आला की निसटतात.

जबडा बाहेर काढून टाचणी आट्याच्या बुडाशी घातली. ती लोखंडापर्यंत पोचेचना. वाळलेलं ग्रीस आणि कानशीचा कीस मिळून अक्षरशः दगड झाला होता. रात्रभर रॉकेलमध्ये, मग पितळी ब्रश, आणि हट्टी आट्यांसाठी बांबूची टोकदार काडी. पोलादी खरवडणी मी आट्यांना लावत नाही. खाली नटाचे दात निघाले ते जवळपास नवेकोरे.

गंजलेला जबडा सोड्याच्या पाण्यात टाकला: दहा लिटरला साधारण शंभर ग्रॅम धुण्याचा सोडा, बारा व्होल्टचा चार्जर, ऋण टोक वाईसला, धन टोक भंगार लोखंडी पत्र्याला. पत्रा स्टेनलेसचा कधीच नको, त्यातून विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन सुटतो म्हणून टब उघड्यावर. स्प्रिंग त्यात टाकायची नाही; पाणी दिलेलं पोलाद हायड्रोजनने ठिसूळ होतं.

खरा वेळ खाल्ला जॉ प्लेटांनी, म्हणजे जबड्यांच्या तोंडावर स्क्रूने बसवलेल्या पट्ट्यांनी. डाव्या प्लेटीत कुणीतरी एम8, म्हणजे आठ मिलिमीटरचे मेट्रिक स्क्रू ठोकून बसवले होते. भोकं 5/16 इंची व्हिटवर्थची, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्यांची. व्यास जवळपास सारखा, 7.94 मिलिमीटर, म्हणून स्क्रू दोन-तीन आटे गोड जातो. पण एम8 चा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1.25 मिलिमीटर आणि व्हिटवर्थचा इंचाला 18 आटे, म्हणजे 1.41. पुढे तो रुततो, पाना लावणारा जोर करतो आणि तोंडाचे आटे सोलून निघतात. प्लेट मग बसल्यासारखी दिसते आणि कानस चालवताना थरथरते. आटे पाडायचा व्हिटवर्थ टॅप हळूहळू फिरवला. आतले आटे शाबूत होते, म्हणून जरा लांब स्क्रू घेतले. चपट्या डोक्याचे व्हिटवर्थ मिळाले नाहीत. 5/16 यूएनसी, म्हणजे अमेरिकी मापाचे, लावले. तेही इंचाला 18, फक्त आट्याचा कोन 55 अंशांऐवजी 60. वाईसच्या मुख्य स्क्रूला मी हे करणार नाही, जॉ प्लेटीला चालतं.

स्प्रिंगखाली पातळ तेल, स्क्रूला ग्रीसचा नुसता हात. बारा मिलिमीटरचा चौकोनी बार धरला, दांड्याला पाइप न लावता हातानेच आवळला आणि हॅकसॉ चालवला. घसरला नाही.

गिऱ्हाइकाला सगळाच निळा रंगवून हवा होता. बाहेरून दिला. जबडा सरकतो त्या स्लाइडवर तेलच.