आठ वार, नऊवार आणि काखेतला मोर

स्कॉटलंडात, एडिनबरात किल्ट, म्हणजे इथल्या पुरुषांचा चुण्यांचा घागरा, शिवते म्हटलं की गावाकडचे सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात, तो इथे नको.

उन्हाळ्यात एक मुलगा आला, जन्म ग्लासगोचा, मराठी तोडकंमोडकं पण "मावशी" म्हणाला आणि मी विरघळले. लग्नाला किल्ट हवा आणि त्यात आजीची येवल्याची पैठणी. पिशवीतून काढून टेबलावर ठेवलीच, पोपटी, पदरावर मोर. म्हणे चुण्यांच्या आत बसवा, चालताना चमकेल.

नाहीच म्हटलं. 16 औंसची लोकर, आठ वार, मागे 25-30 चुण्या, त्याही कमरेकडे निमुळत्या, आणि प्रत्येक अशी मोजून घालायची की एवढं कापड आत दुमडूनही टार्टनच्या, म्हणजे त्या चौकड्यांच्या कापडाच्या, चौकटी मागून अखंड दिसल्या पाहिजेत, एक चुणी सुतभर सरकली की पुढच्या सगळ्या बोंबलल्या. खाली दुमडतही नाहीत, कापडाचा मूळ काठच ठेवतात. त्यात रेशीम घातलं तर दोन्ही वेगवेगळं लोंबणार. रॉयल माइलवर टुरिस्टांना अॅक्रिलिकचे किल्ट विकतात त्यांनी खुशाल करावं.

आमच्या सीनियर बाई तर परंपरेवर घसरल्या. आता घराण्याप्रमाणे टार्टन हे खूळ बरंचसं 1822 ला राजा चौथा जॉर्ज इथे आला तेव्हापासूनचं, पण बाईंना कोण सांगणार.

शेवटी पदराचा वेस्टकोट करायचा ठरला. कात्री लावताना माझा हात अडला, तर बाई म्हणतात कापडच आहे, काप. तेव्हा कुठे गेली परंपरा?

आणि शेवटच्या दिवशी माती खाल्ली मीच. किल्टला ओलं फडकं टाकून जड इस्त्री चालू होती, घाईत तेच फडकं वेस्टकोटवर. डाव्या काखेखालच्या मोराचं जरीकाम काळवंडलं. म्हटलं वरून जॅकेट असतंच, कोण बघतंय, आणि गप्प बसले.

इथल्या लग्नात रात्री "केली" (ceilidh) असते, म्हणजे सगळ्यांनी मिळून नाचायचं, आणि दोन नाचांत पुरुष जॅकेटं काढून फेकतात, इतकी वर्षं इथे राहून हे डोक्यातच आलं नाही.

फोटो आले. हात वर करून नाचतोय, काखेतला मोर लख्ख दिसतोय, मी झूम करकरून पाहिला. शेजारी नऊवारीत आजी. खाली मेसेज, "आजी विचारते निऱ्या मागे का घातल्या?" बाकी काही नाही.

मी हसरा इमोजी पाठवला. पैठणीचा उरलेला तुकडा अजून माझ्या खणात आहे, घेऊन जा म्हणून त्याला फोन करायचाय, दोन महिने झाले.