मीच

मंगळवार, रात्री पावणेबारा

रविवारपासून एकच शब्द डोक्यातून जात नाहीये.

रॅली झाली, फिनिश केलं. पेनल्टी किती बसली ते लिहीत बसत नाही. चाळकेवाडीच्या पठारावर धुकं उतरलं, एक फाटा हुकला आणि माझी नॅव्हिगेटर मनी रोडबुकवर, म्हणजे वाटेच्या खुणांच्या वहीवर, बोट आपटून ओरडेपर्यंत आम्ही पवनचक्क्यांमधल्या भलत्याच मुरमाच्या रस्त्याला लागलेलो. ते ठीक आहे, ते होतं. हे नाही ठीक.

फिनिशला ते जिप्सीवाले काका आले, गाडीभोवती फिरले, आत वाकून केजच्या, म्हणजे गाडीच्या आतल्या पाईपच्या सांगाड्याच्या, जॉइंटवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, वेल्ड सुरेख बसलाय, गाडी बांधली कोणी? आणि मी म्हटलं, मीच. विचार न करता. अण्णा मागेच उभे होते, जॅकचा दांडा हातात. त्यांनी दांडा फडक्याने पुसला, डिकीत ठेवला आणि म्हणाले, खाऊन घ्या दोघी, भाकरी गार झालीये.

खोटं नव्हतं पूर्ण. सकाळी स्क्रुटिनीपासून, म्हणजे गाडीच्या तपासणीपासून, चार जणांनी विचारलेलं, गाडी भावाची का, चालवणार कोण. एकाने तर चावी अण्णांकडेच मागितली. त्यामुळे दिवसभर ते 'मीच' तोंडात भरूनच ठेवलं होतं आणि नेमकं तिथे बाहेर पडलं. टीएसडीत, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगाने नेमक्या वेळेला पोचायच्या आमच्या रॅलीत, लेट आलात तर सेकंदाला एक पॉइंट जातो, अर्ली आलात तर दोन. माझं उत्तर अर्ली गेलं.

आणि केलंय की मी. ७९६ सीसीचं इंजिन मी उतरवलं, मी चढवलं, कार्बोरेटर तीनदा खोलला, वायरिंग सगळं माझं. बाराच्या जागी झेनच्या तेराच्या रिमा घातल्या, त्याने मीटर पाच टक्के कमी दाखवायला लागला, म्हणजे मीटरवर दहा किलोमीटर झाले की गाडी साडेदहा गेलेली असते, तो हिशोब मी आणि मनीने गोडोलीपासून सज्जनगड फाट्यापर्यंत चार चकरा मारून बसवला. हे कुणाला दिसत नाही. रात्री दहाला कंपनीची शिफ्ट संपवून शेडवर जायचं, घरी आई तोंड फिरवून बसलेली, भिशीचे पैसे... जाऊ दे.

पण काकांचा अंगठा मीटरवर नव्हता ना. जॉइंटवर होता.

केज अण्णांचा आहे. टीएसडीला केज लागत पण नाही, पण मी म्हटलं पुढे स्टेज रॅली, म्हणजे नुसत्या वेगाची, करायची आहे, तर ते म्हणाले मग आत्ताच घालू, नियमाने घालू. मेन हूपला, म्हणजे सीटमागच्या मोठ्या कमानीला, ४५ मिलिमीटरचा सीमलेस पाईप, अडीच मिलिमीटर जाडी. पहिला बेंड चपटा झाला, पाईप भंगारात. दुसऱ्यात वाळू गच्च ठासून वाकवला. टोकं माशाच्या तोंडासारखी कापून घासायचं काम माझं, टॅक, म्हणजे पाईप जागेवर धरणारे वेल्डचे ठिपके, मी मारले, पण छताला चिकटून, मान वाकडी करून फुल वेल्ड कोणी भरला? छताजवळ मास्क मावेना म्हणून काही टॅकना त्यांनी नुसते डोळे मिटून पाईप धरला आणि रात्रभर डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडले. सकाळी लाल डोळ्यांनी परत शेडवर हजर.

मनी म्हणते तू उगाच ताणतेस. तिने बोलू नये खरंतर, कारण तीच नेहमी सांगते की २०१९ ला रॅली ड्रायव्हर गौरव गिलला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टला पहिल्यांदाच, खूप मोठी गोष्ट, पण नॅशनलला शेजारी बसून नोट्स वाचणारा मूसा शरीफ किती जणांना माहितीये? मी दरवेळी हो हो म्हणायचे. फॉर्मवर निदान नॅव्हिगेटरला रकाना असतो. वेल्ड भरणाऱ्याला तोही नसतो.

काल दिवसभर वाटत होतं त्यांना ऐकू गेलं नसेल, ग्राइंडरने त्यांचा डावा कान गेलाच आहे. पण त्यांचा उजवा कान माझ्याकडे होता. किती वेळा आठवलं, उजवाच.

असो, बोलून गेले ते गेले. त्या काकांना शोधून सांगता येणार नाही, आणि अण्णांसमोर विषय काढला तर ते उठून चहा टाकायला जातील, मला माहितीये. आज तरी ठरवून गेले होते की सांगायचंच. शेडवर पोचले तर गाडी जॅकवर, चेंबरखालचा पत्रा खोललेला, त्या मुरमाच्या रस्त्यावर वाकलाय चांगलाच आणि एक पट्टी तुटलीये. ठोकून सरळ केला, मी सवयीने दोन टॅक मारले आणि बाजूला झाले. तर त्यांनी मास्क परत माझ्याकडे सरकवला. म्हणाले, आज भर पण तूच.

रागाने म्हणाले का सहज, चेहऱ्यावरून काही कळलं नाही. मी भरला. सीओटू वेल्डिंगची गन हातात थरथरत होती, निम्म्यात गुठळी झाली. ते शेजारी उकिडवे बसले, माझं मनगट धरलं आणि म्हणाले, घाई नको, हात हलका ठेव.