तुम्ही विचारलंत म्हणून: कोरियनमध्ये 'जो'ला काय म्हणतात?

पुण्यात कोरियन शिकवायला लागल्यापासून जवळजवळ प्रत्येक तुकडीत कुणीतरी हे विचारतंच: "मॅडम, कोरियनमध्ये 'जो', 'जी', 'जे'ला काय म्हणतात?" विचारणाऱ्याच्या वहीत अर्धं वाक्य लिहिलेलं असतं, मध्ये एक जागा रिकामी सोडलेली असते आणि तिथे बसणारा शब्द हवा असतो.

तसा शब्द कोरियनमध्ये नाही. संबंधी सर्वनाम हा प्रकारच त्या भाषेत नाही. आणि मराठी माणसानं हे ऐकून निर्धास्त व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

घरात आपण "जो मासा मी काल बाजारातून आणला तो" असं कितीदा म्हणतो? "काल बाजारातून आणलेला मासा" म्हणतो आणि मोकळे होतो. कोरियन माणूस म्हणतो, 'ऑजे शिजांगेसॉ सान सेंगसॉन'. ऑजे म्हणजे काल, शिजांगेसॉ म्हणजे बाजारातून, सान म्हणजे विकत घेतलेला, सेंगसॉन म्हणजे मासा. चार शब्द, आणि क्रमही आपलाच. इंग्रजीत मासा आधी येतो आणि 'काल' पार शेवटी जातो. आपल्या हातात पडणारी बहुतेक पुस्तकं इंग्रजीतून कोरियन शिकवतात, म्हणून मुलं मराठीतलं सरळ वाक्य आधी इंग्रजीत उलटं करतात आणि मग कोरियनसाठी पुन्हा सुलटं. हा हेलपाटा बघून मला खरंच वाईट वाटतं. आधी मराठीत म्हणा, '-लेला', '-णारा' लावून म्हणा, असं मी सतत सांगत असते.

आता 'गादा', म्हणजे जाणे, हे क्रियापद घेऊ. साराम म्हणजे माणूस. 'गान साराम' म्हणजे गेलेला माणूस. 'गानुन साराम' म्हणजे जाणारा, जात असलेला. (हा 'उ' ओठ गोल न करता म्हणायचा.) 'गाल साराम' म्हणजे जो अजून जायचा आहे तो. आणि 'गादॉन साराम' म्हणजे पूर्वी जायचा तो, किंवा जाता जाता मध्येच थांबलेला. लिंग-वचनाप्रमाणे काहीही बदलत नाही. लेला, लेली, लेलं ही कसरत इथे नाही.

अडतं ते आपल्या '-णारा'पाशी. "रोज शाळेत जाणारी मुलगी" आणि "पुढच्या वर्षी कोरियाला जाणारी मुलगी", आपल्याला दोन्हीकडे एकच रूप पुरतं. कोरियनमध्ये पहिली 'गानुन', दुसरी 'गाल'. ठरलेल्या बेताबद्दल कधी 'गानुन'ही चालतं, पण सहलीला कोण कोण येणार असं विचारताना शिक्षक म्हणतील, 'गाल साराम, सोन दुरॉ'. जाणाऱ्यांनी हात वर करा. मी वर्गात हे वाक्य प्रत्यक्ष हात वर करायला लावूनच शिकवते.

विशेषणांचंही एक लक्षात ठेवायचं. कोरियन विशेषण क्रियापदासारखं चालतं. 'जाक्दा' म्हणजे लहान असणे, त्यावरून 'जागुन जिप', लहान घर. 'गान'मधला शेवटचा 'न' काम झाल्याचं सांगतो. तोच 'न' विशेषणाला लागला की आत्ताची स्थिती सांगतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक मात्र कर्त्याची. 'मी घेतलेलं पुस्तक' म्हणजे 'नेगा सान छेक'. मुलं म्हणतात 'नानुन सान छेक', कारण पहिल्या धड्यात 'मी'साठी 'नानुन' शिकलेलं असतं. पण 'नानुन' म्हणजे 'मी तर', 'माझं म्हणाल तर'. ते मधल्या 'सान'पाशी थांबत नाही, वाक्याच्या शेवटच्या क्रियापदाकडे धावतं. ऐकणारा थांबून राहतो: मी तर, घेतलेलं पुस्तक... पुढे काय? 'नेगा' म्हटलं की 'मी'चं नातं 'घेतलेलं'शी तिथल्या तिथे जुळतं.

आणि आता माझी सर्वांत आवडती जागा. 'सेंगसॉन गुम्नुन नेमसे'. शब्दाला शब्द ठेवला तर 'मासे भाजणारा वास'. वास काही मासे भाजत नाही, वासाला कुणी भाजतही नाही. आपण इथे रूप बदलतो, "मासे भाजल्याचा वास" म्हणतो. कोरियनला ती गरज वाटत नाही. क्रिया नामासमोर आणून ठेवली, की दोघांचं नातं काय ते ऐकणाऱ्यानं ओळखायचं. तसंच 'बि ओनुन सोरि'. बि पाऊस, ओनुन येणारा, सोरि आवाज. पाऊस येत असल्याचा आवाज.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा अनोळखी वाटलं नाही. माझं लहानपण सोलापूरचं. शेजारच्या आजी कन्नड बोलायच्या. जूनच्या संध्याकाळी पत्र्यावर पहिले थेंब वाजायला लागले की त्या अंगणातल्या पापड्या गोळा करायला मला हाक मारायच्या आणि म्हणायच्या, 'मळे बरुव सद्दु'. मळे पाऊस, बरुव येणारा, सद्दु आवाज. 'बि ओनुन सोरि' मी वहीत लिहून घेतलं, त्याच्याखाली आजींचे तीन शब्द लिहिले. शब्द शब्दाखाली बरोबर बसले.