ऑटोकरेक्टची यादी: भर कमी, छाटणी जास्त

लिबरऑफिस रायटर या लेखनाच्या सॉफ्टवेअरमधली माझी ऑटोकरेक्टची यादी (डावीकडचं रूप टाइप केलं की आपोआप उजवीकडचं येतं, अशा नोंदींची) आता चांगलीच फुगली आहे. म्हणून या खेपेला नव्या नोंदी घालण्याऐवजी जुन्या तपासायला बसलो. कसोटी एकच ठेवली: डावीकडचं रूप मराठीत कुठेही, कधीही बरोबर असू शकतं का? तशी शक्यता दिसली की नोंद बाद.

पहिली गेली ती 'आणी → आणि'. रोजच्या लिखाणात ही नोंद बिनधोक वाटते. पण मी जुनं गद्य टाइप करतो आणि तिथे 'ती रोज देवाला फुले आणी' असा रीतिभूतकाळ ('आणत असे' या अर्थाचा) सर्रास येतो. स्पेस दाबली की क्रियापदाचं उभयान्वयी अव्यय होणार, आणि शब्द शुद्धच असल्यामुळे स्पेलचेकरही गप्प बसणार. 'दिन/दीन', 'शिर/शीर', 'सुत/सूत' या जोड्यांना याच कारणाने यादीत जागा नाही.

खरी गंमत वाइल्डकार्डची, म्हणजे कोणत्याही अक्षरांच्या जागी चालणाऱ्या खुणेची. रायटरमध्ये नोंदीच्या आधी किंवा नंतर '.*' लिहिलं की शब्दाचा फक्त शेवट किंवा फक्त सुरुवात जुळवता येते. 'करुन', 'म्हणुन', 'बघुन' एका फटक्यात सुधारायला '.*ुन' लिहायचा मोह कुणालाही होईल, पण मग अर्जुन, मिथुन आणि शकुनही दीर्घ होतात. '.*वून → ऊन' तर त्याहून घातक. त्याने जावून, घेवून यांचं जाऊन, घेऊन होईल हे खरं, पण जेवून, ठेवून, धावून ही रूपं मुळात बरोबर आहेत, कारण त्या धातूंतच 'व' आहे. त्यामुळे क्रियापदं एकेक करून लिहिण्याला पर्याय नाही. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं आहे.

वाइल्डकार्ड निर्धास्तपणे वापरावं अशी एक जागा मात्र आहे: शब्दारंभीचा ॲ. 'अ'वर अर्धचंद्र देऊन केलेला अॅ आणि स्वतंत्र ॲ (युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत यू+०९७२, २००८च्या ५.१ आवृत्तीपासून) डोळ्यांना सारखेच दिसतात, पण शोधताना एक टाकला तर दुसरा सापडेलच असं नाही. जोडून केलेलं रूप मला कुठेच नको असतं, म्हणून 'अॅ.*' ही नोंद कायम.

शॉर्टकट, म्हणजे थोडक्या अक्षरांवरून पूर्ण शब्द किंवा मजकूर उलगडणाऱ्या नोंदी, मी दुरुस्त्यांपासून वेगळे काढले. लांब मजकूर रायटरच्याच ऑटोटेक्स्ट या सोयीत टाकला. तिथे संक्षेप लिहून एफ३ दाबल्याशिवाय काही घडत नाही, हीच त्यातली चांगली गोष्ट. स्पेसने आपोआप उलगडणारे मोजकेच ठेवले आणि त्यांच्या शेवटी हलन्त दिला: 'विद्या्' लिहिलं की 'विद्यापीठ'. व्यंजनान्त तत्सम शब्द अकारान्त लिहावेत असा आपला नियमच असल्याने आजच्या लेखनात असा शेवट क्वचितच येतो. शिवाय कीबोर्ड देवनागरीतच राहतो, भाषा बदलावी लागत नाही.

नवख्यांसाठी दोन गोष्टी. दुरुस्ती नको असेल तर लगेच कंट्रोल-झेड दाबा. बदल मागे जातो, टाइप केलेलं तसंच राहतं. आणि यादी भाषेनुसार चालते: परिच्छेदाची भाषा मराठी नसेल, तर मराठीच्या नोंदी नुसत्या पडून राहतात. 'काहीच होत नाही' असं वाटलं तर आधी खालच्या स्टेटस बारवर भाषा बघा.

यादीची फाइल युजर प्रोफाइलमधल्या ऑटोकॉर फोल्डरमध्ये असते. एक्स्टेन्शन डॅट असलं तरी आत साधी झिप आहे आणि तिच्यात एक्सएमएल, म्हणजे खुणांनी मांडलेला साधा मजकूर. छाटणीआधीची प्रत मी बाजूला ठेवली आहे. पुढच्या खेपेला ते एक्सएमएल थेट एडिटरमध्ये उघडून नोंदी अकारविल्हे लावायच्या आहेत आणि 'ऱ्य'च्या शब्दांचा गट हातात घ्यायचा आहे.