फाटक किती वाजता उघडलं?

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. घराणं मूळचं अलिबागकडचं, मी ठाण्यात वाढले आणि लग्नानंतर इस्राएलला येऊन रामले गावी स्थायिक झाले. धाकटा मुलगा सक्तीची लष्करी सेवा संपवून घरी आला, पण नाक्यावरच्या ड्यूटीचा विषय निघाला की उठून जायचा. तेव्हा मनाशी ठरवलं, तो सांगत नाही तर आपणच जाऊन बघायचं.

'मखसोम वॉच' ही इस्रायली बायकांची संघटना २००१ साली सुरू झाली. वेस्ट बँक म्हणजे इस्राएलच्या लष्करी ताब्यातला पॅलेस्टिनी प्रदेश. तिथल्या लष्करी नाक्यांवर जायचं, सैनिक पॅलेस्टिनी लोकांशी कसे वागतात ते पाहायचं आणि पाहिलेलं लिहून जाहीर करायचं, हे तिचं मुख्य काम. मी फोन केला, एका बाईंनी भेटायला बोलावलं, मग जुन्या सदस्यांबरोबर पाठवलं. परीक्षा वगैरे नव्हती. सूचना मात्र स्पष्ट होत्या. एकटीने जायचं नाही. सैनिकाशी हुज्जत घालायची नाही. 'मी तुमचं काम करून देते' असं कोणालाही म्हणायचं नाही. आणि वहीत आधी वेळ लिहायची, मग बाकीचं.

जेरुसलेम आणि रामल्ला यांच्यामधल्या कलंदिया नाक्यावर पहाटे गेले. अंधारात मजुरांची रांग लागलेली. बांधकामावर वेळेत पोचायचं म्हणून माणसं रात्रीच घरून निघालेली, हातात डब्याची पिशवी. गजांची अरुंद वाट, पुढे लोखंडी फिरतं फाटक. ते आतून बटण दाबून थांबवलं की मधोमध असलेला माणूस तिथेच अडकून पडायचा. २०१९मध्ये तिथे नवी इमारत झाली, कार्ड टेकवलं की मशीन चेहरा ओळखू लागलं आणि रांग बरीच कमी झाली. पण इस्राएलमध्ये शिरायचा परवाना नसेल त्याला मशीनही सोडत नाही.

मला खरं गुंतवलं ते शेताच्या फाटकांनी. ती बातम्यांत फारशी येत नाहीत. २००२पासून इस्राएलने जी भिंत आणि कुंपण बांधायला घेतलं, त्याच्या आखलेल्या मार्गाचा सुमारे ८५ टक्के भाग वेस्ट बँकेच्या आतून जातो. त्यामुळे घर एका बाजूला आणि जैतुनाची (ऑलिव्हची) झाडं दुसऱ्या बाजूला, अशी गावंच्या गावं आहेत. स्वतःच्या वावरात जायला शेतकऱ्याला लष्कराचा परवाना लागतो. ट्रॅक्टर न्यायचा तर त्याची वेगळी परवानगी. फाटकं ठरलेल्या वेळी थोडा वेळ उघडतात. काही तर फक्त जैतुनाच्या हंगामात.

अशाच एका फाटकाशी आम्ही दोघी उभ्या होतो. ठरलेली वेळ सकाळी सहाची. सहा वाजले, साडेसहा झाले, किल्ली घेऊन येणारी जीप नाही. गाढवावर बसलेले एक म्हातारे, मागे त्यांची सून आणि दोन शिड्या. माझ्या सोबतिणीने लष्कराच्या मदत केंद्राला फोन लावला. 'बघतो' म्हणाले. सात वाजून दहा मिनिटांनी जीप आली. सैनिक एकोणीस-वीस वर्षांचा असेल. म्हाताऱ्यांना सोडलं, सुनेला थांबवलं. तिच्या परवान्याची मुदत आदल्या दिवशी संपली होती. ती काही बोलली नाही. एक शिडी सासऱ्यांनी गाढवावर बांधून घेतली, दुसरी तिच्या हातात राहिली. मी हिब्रूत विचारलं, 'अरे, ते एकटे झाडावर चढणार का?' तो म्हणाला, 'मी नियम करत नाही.' खरंच करत नाही. उद्धट नव्हता, कोणावर हातही उचलला नाही. माझ्या मुलासारखाच दिसत होता, आणि म्हणूनच मला ते सहन होईना. मारहाण झाली तर लोक निदान विचारतात. हंगामातल्या दिवसाचा तास गेला आणि दोन हात घरी परत गेले, याला कोणी अन्याय म्हणतच नाही. कोकणात आमच्या लोकांना शनिवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून; पिढ्यानपिढ्या तेलाच्या घाण्यावर पोट भरलेलं. फळ वेळेत उतरवलं नाही तर काय होतं, हे मला वेगळं सांगावं लागत नाही.

घरी आल्यावर अहवाल लिहायचा. ठरलेली वेळ, उघडण्याची वेळ, किती आले, किती गेले, किती परत पाठवले. नाव कोणाचंच नाही, सैनिकाचंही नाही. सुरुवातीला मला हे कोरडं वाटायचं, आता वाटत नाही. 'फाटक वेळेवर उघडतं' असं सांगितलं जातं तेव्हा तारीखवार नोंदी समोर ठेवता येतात.

७ ऑक्टोबर २०२३ला हमासने इस्राएलवर हल्ला केला. त्यानंतर बहुतेक मजुरांचे परवाने बंद झाले आणि कित्येक फाटकांना कुलूपं लागली. त्या वर्षी अनेकांचा जैतून झाडावरच राहिला. शेजारपाजारी मला विचारतात, हमासने आपली माणसं मारली, ओलीस नेली आणि तू अजून तिकडे जातेस? त्या दिवशी मारल्या गेलेल्यांसाठी मीही रडले. त्या म्हाताऱ्यांनी त्यातलं काही केलं नव्हतं, एवढंच मी सांगते.

संघटनेतल्या काही जणी सुरक्षेच्या कारणाने परवाना नाकारलेल्यांचे अर्ज भरायला मदत करतात. अर्ज हिब्रूत, कारण बहुतेकदा सांगितलेलंच नसतं. ओळखपत्राची प्रत, नकाराचा कागद, मालकाचं पत्र असं सगळं जोडून पाठवायचं आणि उत्तराची वाट पाहायची. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून मी जास्त करून हेच काम करते. हंगामात मात्र फाटकावर जाते.