भिगवणचे पांढरे पक्षी आणि मॅन्युअल मोड

रविवार, रात्री उशिरा. पाय दुखतायत, उन्हाने नाक सोललंय, पण लिहून ठेवते नाहीतर परवापर्यंत आकडे विसरेन.

मॅन्युअल मोडची, म्हणजे कॅमेऱ्याची सगळी सेटिंग आपणच ठरवायची त्या मोडची, लोकांनी उगाच भीती घालून ठेवलीये. दर फोटोला अ‍ॅपर्चर बघा, शटर बघा, आयएसओ बघा, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं, ते किती वेळ उघडं आणि सेन्सर उजेडाला किती हळवा, आणि तोवर पक्षी पळसदेव गावाला पोचलेला. आज भिगवणजवळच्या कुंभारगावला, उजनी धरणाच्या पाण्यावर, बोटीत बसून जे काही झालं ते बरोबर याच्या उलट. मॅन्युअलवर एकदा सेटिंग बसलं की हात लावायचाच नाही, हाच त्याचा फायदा आहे, आणि हे कुणी आधी सांगत का नाही देव जाणे.

म्हणजे कसं, ते नीट लिहिते. कॅमेऱ्याचं मीटर समोरून परत येणारा उजेड मोजतं आणि समोर जे काही असेल ते मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. त्याला काय माहिती समोर पांढरा फ्लेमिंगो आहे की काळा पाणकावळा. उजनीचं पाणी सकाळी गडद दिसतं, त्याच्यासमोर फ्लेमिंगो आला की मीटरला वाटतं अंधार आहे, ते फोटो उजळ करतं आणि पक्ष्याचा पांढरा रंग जळून जातो, पिसांची रेघसुद्धा दिसत नाही, पंखावरची ती फिकट गुलाबी झाक तर गेलीच. तोच पक्षी उडून आभाळावर आला की मीटर म्हणतं बापरे किती उजेड, आणि पक्षी काळपट. पुढे काठावरच्या वेड्या बाभळींसमोरून गेला की परत जळका. एकच पक्षी, एकच उड्डाण, आणि फोटो तीन प्रकारचे! ए मोडवर (भोक आपण ठरवायचं, शटर कॅमेरा मीटर बघून ठरवतो) पुण्याच्या तलावांवर काढलेले माझे सगळे बगळे असेच आहेत, आणि मी त्याचं खापर बिचाऱ्या लेन्सवर फोडत होते.

पण पक्ष्यावर पडणारं ऊन बदललं का? नाही. बदललं ते मागचं. मग सेटिंग तरी कशाला बदलायचं!

हे बोटीत मैत्रिणीने एका वाक्यात सांगितलं, "तू मागचं बघू नकोस गं, ऊन बघ," आणि डोक्यात एकदम उजेड पडला.

आकडे लिहिते. सूर्य वर आल्या आल्या आयएसओ ८००, एफ ५.६ (हा अ‍ॅपर्चरचा आकडा, जितका मोठा तितकं भोक लहान), शटर १/५०० सेकंद होतं. हा वेळ फार त्रासाचा, कारण ऊन भराभर वाढतं आणि गॅसवर दूध ठेवल्यासारखं सारखं बघत बसावं लागतं. दर थोड्या वेळाने एक फोटो काढायचा, स्क्रीनवर पांढरा भाग लुकलुकतोय का बघायचं, लुकलुकला म्हणजे तो जळलाय, मग शटर एक-दोन घर पुढे, म्हणजे कमी वेळ. नऊच्या पुढे मात्र सगळं शांत झालं. तिथे तो जुना फिल्मवाल्यांचा नियम लागतो, स्वच्छ ऊन असेल तर एफ १६ आणि शटर एक भागिले आयएसओ. आयएसओ ४०० ला एफ १६ वर १/४००, मग एफ ८ वर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट, म्हणून चौपट) उजेड जास्त येतो म्हणून शटर १/१६००. पांढऱ्या पक्ष्यासाठी अजून थोडं कमी, १/२००० किंवा १/२५००. पूर्वी फिल्मच्या खोक्यावरच ऊन, ढग, सावली असं चित्र काढून हे छापलेलं असायचं, मीटर नसलेल्या कॅमेऱ्यावर लोक तेवढ्यावर अख्खं लग्न काढायचे. आणि आम्ही हातात एवढं मशीन घेऊन रडतोय.

एफ ८ का, तर माझी लेन्स साधी ७०-३०० मिमीची झूम आहे. ७० ला एफ ४ मिळतं पण झूम करत ३०० ला गेलं की आपोआप ५.६ होतं, म्हणजे मॅन्युअलवर असूनही फोटो एक स्टॉप काळा, आणि आपण शोधत बसतो की काय बिघडलं. ५.६ च्या पुढेच राहिलं की ही भानगड नाही, शिवाय एफ ८ ला ती लेन्स शार्पही जास्त येते. ऑटो आयएसओ पण बंदच ठेवायचा. बरेच जण मॅन्युअल म्हणतात आणि आयएसओ ऑटोवर ठेवतात, मग मीटर तिथून परत घुसतं आणि तोच खेळ आयएसओ खेळतो.

बोटवाले दादा भारी होते. इंजिन लांबच बंद केलं आणि बांबूने बोट ढकलत नेली. मी सारखी स्क्रीन बघते म्हणून म्हणाले, "ताई, ते नंतर बघा की, माना बघा त्यांच्या. माना वर करून एका अंगाला चालायला लागली की उडत्यात." आणि खरंच तसंच! आधी माना ताठ, मग सगळा थवा एका दिशेने चालायला लागतो, मग पाण्यावरून धावत सुटतात आणि मग हवेत. तेवढ्यात फोकस लावायला चांगला वेळ मिळतो. सेटिंगकडे बघायचं नव्हतंच, म्हणून मला त्या माना दिसल्या. पंख उघडले की आत तो लाल-गुलाबी आणि कडेला काळा, पाण्यावर, आभाळावर, बाभळींवर, सगळीकडे एक्सपोजर सारखं. घरी येऊन लॅपटॉपवर लावले तर एकाच रंगाची लाइन लागलीये, एडिटिंगला जवळजवळ कामच नाही.

थोड्या वेळाने तेच सेटिंग ठेवून खुंटावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा काढला. काळा आला, काळाच यायला पाहिजे. मीटरने त्याला राखाडी केला असता.

(बाकी काही बोटींमधून सीगलना शेव टाकत होते, जवळून फोटो मिळावा म्हणून. मला नाही पटत. पक्षी मासे सोडून बेसन खातोय आणि आपण तो फोटो वाइल्डलाइफ म्हणून इंटरनेटवर टाकतोय.)

सगळीकडे मॅन्युअलच हवं असं काही नाही हां. मध्ये ढगाचा तुकडा सूर्यावर आला तेव्हा पक्ष्यावरचं ऊनच बदललं, सगळं सेटिंग परत. असे ढग ये-जा करत असतील तर ए मोड आणि थोडं मायनस कॉम्पेन्सेशन (मीटर म्हणतं त्याहून फोटो जरा काळा काढायला सांगायचं) सुखाचं. पक्षी सूर्याच्या बाजूला गेला की आपल्याकडे त्याची सावलीतली बाजू येते, तिथेही हे आकडे चालत नाहीत, पण तसले फोटो मी काढतच नाही, बोट फिरवून घ्यायला सांगते. आणि गल्लीत पोरं क्रिकेट खेळतायत, अर्धं ऊन अर्धी सावली, तिथे मॅन्युअल म्हणजे हौस नुसती.

चित्रबलाक नीट मिळाला नाही, लांब होता. पाणी अजून उतरलं की ते जवळ येतील असं दादा म्हणाले. आता रॉ फाइल कॉपी होतायत, लॅपटॉप कुरकुरतोय, आणि सकाळी साडेआठची मीटिंग आहे. उरलेले फोटो उद्या बघते.