पान १४१ वरचं ‘आपण’

नागपुरात मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते; त्या दिवशी इतवारी-गांधीबागेत कोणी कामाला जात नाही. यंदा मी त्या दुपारी गांधीबागेतल्या एका छापखान्यात उभी होते. समोर अकराशे छापील कागदांची थप्पी होती आणि त्या प्रत्येक कागदावर माझी एकच चूक होती. चूक एका शब्दाची, आणि तो शब्द पहिलीतल्या मुलालाही येतो.

मी इंग्रजीतून मराठीत पुस्तकं आणते. बहुतेक कामं आरोग्याची, चरित्रांची, पैसा कसा राखावा अशी. या वर्षी एका प्रकाशकाने किशोरवाचकांसाठीची एक अद्भुत कादंबरी दिली, अंधारी आणि अंगावर येणारी. सतरा वर्षांची एक मुलगी स्कॉटलंडच्या लोककथांतल्या परीलोकाच्या दोन वैरी दरबारांच्या मधे सापडते. तिकडे त्या दरबारांना सीली आणि अनसीली म्हणतात. सीली म्हणजे जुन्या भाषेत सुखी, कृपा लाभलेला.

या मंडळींना मराठीत काय म्हणावं, यात माझे पहिले दोन आठवडे गेले. परी म्हटलं की मुलांसमोर पंख आणि चंदेरी छडी येते. ही मंडळी तर माणसाएवढी उंच, देखणी आणि थंड. लोखंडाने भाजतात. त्यांच्याकडचा घास खाल्ला की परतीची वाट बंद. त्यांच्यात एक रात्र नाचलं की इकडे वर्षं उलटून जातात. यक्ष लिहून पाहिलं, तर नागपूरच्या माणसाला ‘मेघदूता’तला, रामटेकचा तो विरही यक्ष आठवतो आणि त्याची भीती कोणालाच वाटत नाही. तिकडची म्हातारी माणसं यांचं नाव घेत नसत, ‘भले शेजारी’ म्हणत. आपल्याकडे रात्री सापाला लांबडं म्हणतात, तसंच. त्यावरून मला ‘बाहेरची मंडळी’ सुचलं. बाहेरची बाधा, बाहेरचं लागलंय, यातला ‘बाहेर’ मराठी कानाला समजावून सांगावा लागत नाही.

दरबारांना मी उजवा आणि डावा म्हटलं. संपादकांनी फोनवर विचारलं, यात राजकारण तर दिसणार नाही? मी म्हटलं, देव उजवा कौल देतो तो उजवा. पुस्तकात उजव्या दरबाराची कृपासुद्धा जीवघेणी आहे, तेव्हा कोणाची बाजू घेतली असं होत नाही. त्यांनी मान्य केलं. ही दोन नावं मला आजही आवडतात.

अशा कादंबऱ्यांचा एक नियम असतो: बाहेरची मंडळी खोटं बोलूच शकत नाहीत. जुन्या कथांत ती शब्दाला पक्की आणि शब्दात फसवणारी असतात, आजच्या लेखकांनी त्याचा कडक कायदा करून टाकला आहे. म्हणून फसवायचं ते खरं बोलूनच. सगळी गंमत, सगळी भीती तिथेच.

या पुस्तकाचा कणाही असंच एक वाक्य आहे. डाव्या दरबाराचा राजपुत्र त्या मुलीला नदीकाठी म्हणतो की सूर्य उगवायच्या आत ‘वी’ नदीपलीकडे असू. मुलगी समजते, तो आणि ती. त्याच्या मनात असतं, तो आणि त्याचा दरबार. दर सात वर्षांनी नरकाला एक जीव खंडणी द्यायचा, असं जुन्या स्कॉटिश पोवाड्यांत येतं, आणि या वर्षीचा जीव ती आहे. दरबार नदी ओलांडतो, ती काठावर राहते. तो अक्षरशः खरं बोललेला असतो.

मी लिहिलं, ‘सूर्य उगवायच्या आत आपण नदीपार असू.’

मराठी येणाऱ्या कोणालाही इथे ठेच लागायला हवी होती. इंग्रजीचा ‘वी’ ऐकणाऱ्याला आत घेतो की बाहेर ठेवतो, हे सांगत नाही. आपल्याकडे त्याचे दोन शब्द आहेत. ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा आत आला, ‘आम्ही’ म्हटलं की बाहेर राहिला. माझ्या वाक्यात राजपुत्र तिला आत घेत होता, म्हणजे धडधडीत खोटं बोलत होता. पुस्तकाचा कायदा पान १४१ वर मीच मोडला होता. तीन प्रुफं झाली. मी वाचली, संपादकांनी वाचली, मुद्रितशोधकाने वाचली. तिघांनी मिळून ऱ्हस्व-दीर्घाच्या शंभरेक चुका काढल्या आणि कणा मोडलेला कोणालाच दिसला नाही.

पकडली ती अक्षरजुळणी करणाऱ्या दादांच्या मुलीने.

दादा जागनाथ बुधवारीत राहतात. पिवळी मारबत तिथूनच निघते. गेली वीस वर्षं माझी पुस्तकं तेच लावतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘ऱ्या’ आणि रफार कुठे कुठे फुटतात, हे त्यांना न बघता कळतं. असा माणूस मोठ्या शहरातल्या चकचकीत स्टुडिओत मला मिळालेला नाही. त्यांनी सकाळी मारबत बघायला बोलावलं होतं. काळी आणि पिवळी या दोन मिरवणुका १८८० च्या दशकापासून निघतात आणि इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी त्यांची गाठ पडते. सोबत त्या वर्षीच्या दुखण्यांवरचे बडगे, म्हणजे तसलेच पुतळे, आणि सगळ्या रस्त्याचं एकच ओरडणं: इडा पीडा घेऊन जा गे मारबत!

मुलगी दहावीत. बाद प्रुफांचे कागद दादा घरी आणतात, त्यांच्या कोऱ्या बाजूवर ती गणितं सोडवते. गॅलरीत माझ्या शेजारी तो गठ्ठा पडला होता. एका कागदावर त्रिकोणमितीचं उदाहरण अर्ध्यात सुटलेलं, सायनच्या खाली रेघ मारलेली. कागद उलटला तर माझंच पान १४१. ‘आपण’भोवती पेन्सिलीचं गोल, इतकं दाबून काढलेलं की मागच्या गणितावर त्याचा वळ उठला होता. शेजारी लिहिलं होतं, ‘खोटं’.

मी विचारलं, “हे काय गं?”

“तो खोटं बोलून राहिला नं, मावशी. तेरा प्रकरणं सांगता का त्यायले खोटं बोलता येत नाही, आन् इथं बोलून राहिला. मले वाटलं पुढं त्याला शिक्षा होईल. काहीच नाही झाली.”

माझे हातपाय गार पडले. असं वाचणाऱ्या मुलांसाठीच ही पुस्तकं असतात. आणि असं वाचणारी मुलं नाहीतच, असं धरून आपल्याकडे ती काढली जातात. मधे एका शब्दासाठी मी दोन दिवस मागितले, तेव्हा प्रकाशकाच्या कचेरीतून उत्तर आलं होतं की पोरांचं पुस्तक आहे ताई, एवढं कोण बघतं.

छापखान्याच्या मालकांना फोन लावला. उचलेनात. दादा म्हणाले, आठ फर्मे काल रात्रीच छापून झाले, नववा आज दुपारी लावणार होते. सोळा पानांचा एक फर्मा, पुस्तक ३५२ पानांचं, म्हणजे बावीस फर्मे. पान १४१ नवव्यात येतं. आम्ही तिघं निघालो. गाडी काढण्यात अर्थ नव्हता. एरवीची दहा मिनिटांची वाट, त्या दिवशी पाऊण तास लागला. पोरगी पुढे घुसून वाट काढत होती.

पोचलो तेव्हा नवव्याची एक बाजू छापून झाली होती. तीच बाजू. मालकांनी मिरवणुकीमुळे मशीन सकाळीच लावून मोकळं व्हायचं ठरवलं होतं. मी वरचा कागद उचलला. शाई बोटाला लागली. उजव्या कोपऱ्यात १४१, आणि सातव्या ओळीत ‘आपण’.

एक बाजूचा कागद, एक प्लेट, मजुरी. पैसे मी देते म्हटलं, कारण चूक माझी होती. मालकांनी मशीन थांबवलं. पण बदलायचं काय? आणि पान आधीच बांधलेलं. एक ओळ वाढली तर पुढची सगळी पानं सरकतात आणि बाकीच्या प्लेटाही जातात. जे करायचं ते त्याच ओळीच्या पोटात.

मी म्हटलं, ‘आम्ही’ करू. आम्ही नदीपार असू.

“मग ती येडी आहे का?” पोरगी म्हणाली. “आम्ही म्हटल्यावर तिले तिथंच समजेल का आपल्याले टाकून जाऊन राहिला.”

बरोबर होतं. मी ‘सगळे’ करून पाहिलं. सगळे म्हटलं तर तीही त्यात आली, पुन्हा खोटं. ‘माझ्यासोबतची माणसं’ हे इतकं सावध की वाचकाला लगेच वास येतो. कागदाच्या थप्पीवर रद्दी पसरून मी सात-आठ वाक्यं लिहिली आणि खोडली. मालक घड्याळ बघत होते.

पोरगी बापाकडे न बघता म्हणाली, “बाबा बोलतात तसं बोलू द्या नं त्याले. बाबा कुठं आपण म्हणतात? जाऊ म्हणतात. बघू म्हणतात. नागद्वारले जाऊ, तीन वर्षं झाले म्हणून राहिले. दोनदा जाऊन आले मित्रांसंग. आम्ही घरीच.”

नागद्वारची यात्रा नागपंचमीच्या सुमाराला असते, सातपुड्यात, पचमढीच्या डोंगरात. विदर्भातून माणसं लोटतात. दादा यंदाही महिन्याभरापूर्वीच जाऊन आले होते. माझ्यासाठी प्रसाद आणला होता, मी तो खाल्लाही होता.

दादा काही बोलले नाहीत. मीही नाही. पण वाक्य सापडलं होतं.

‘आम्ही जाऊ’ आणि ‘आपण जाऊ’, दोन्हीकडे क्रियापद तेच. कर्ता काढून टाकला तरी मराठी वाक्य लंगडं होत नाही, उलट घरगुती होतं. इंग्रजीला हे जमत नाही. ‘सूर्य उगवायच्या आत नदीपार असू.’ यात ती आहे का? हवं असेल तर आहे. खोटं कुठे आहे? कुठेच नाही. वीस वर्षं क्रियापदं चालवून मला हे सुचलं नाही, कारण माझी नजर ‘वी’च्या जागी कोणता शब्द बसवू यावरच होती. तिथे काही न बसवणं हेही उत्तर असू शकतं, हे त्या मुलीला घरातल्या बोलण्यातून माहीत होतं.

दादा छापखान्यातल्या संगणकावर बसले. ‘आपण’ निवडलं आणि काढलं. ओळ आखडली. मग उरलेल्या शब्दांमधली जागा त्यांनी केसाकेसाने वाढवली, समास जिथल्या तिथे येईपर्यंत. एरवी हे काम ते दोन मिनिटांत करतात. त्या दिवशी किती वेळ लागला ते मी मोजलं नाही.

पान २०६ वर मुलगी अंधारात मनाशी घोकते, ‘आपण नदीपार असू, तो म्हणालाय.’ तेही मी बदलायला निघाले होते. पोरीने हात धरला. “तिथं राहू द्या. तिथं ती बोलते, तो नाही.” त्या एका न बदललेल्या प्लेटेमुळे चाणाक्ष वाचकाला आता कळू शकतं की हिने शब्द पदरचा घातला आहे. मूळ इंग्रजीत ही फट नाही. याचं श्रेय माझं नाही, तरी मला त्याचा अभिमान आहे.

राहिलं पान ३१८. तिथे दोघं समोरासमोर येतात. मूळात ती म्हणते, तू ‘वी’ म्हणाला होतास. तो म्हणतो, म्हणालो होतो, त्यात कोण कोण हे तू विचारलं नाहीस. आता ते चालणार नव्हतं. मी उभ्या उभ्या लिहिलं:

‘आपण नदीपार असू, म्हणाला होतास तू.’

‘शब्द आठव. नदीपार असू, म्हणालो. “आपण” तू जोडलंस.’

मालकसुद्धा वाचून थांबले. विसाव्या फर्म्याची प्लेट नव्याने काढायला दिली, नवव्याचे अकराशे कागद रद्दीत गेले. बाहेर मिरवणूक पुढे गेली होती, रस्त्यावर चपलांचे ढीग पडले होते.

पुस्तक येऊन आता दोन महिने झाले. पान ३१८ चं कौतुक होतं. मूळापेक्षा धारदार झालं, असं एका जुन्या सहकाऱ्याने कळवलं. मला मात्र त्या पानावरून अजून पुढे जाता येत नाही. मूळात राजपुत्राने तो शब्द उच्चारला होता. तो निसटता शब्द त्याचा होता आणि त्याची जबाबदारीही त्याची होती. माझ्या मराठीत त्याने तो उच्चारलाच नाही. म्हणजे फसवणुकीचा सगळा दोष ऐकणारीच्या पदरात पडला, तोही त्याच्या तोंडून, आणि मी त्याला ते इतकं सुबक बोलायला दिलं. सतरा वर्षांच्या मुलीला कोणी म्हणावं की तुझंच ऐकण्यात चुकलं, आणि वाचणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीने ते पटवून घ्यावं? अनुवाद बरोबर आहे. तो न्याय्य आहे का, ते मला ठरवता येत नाही.

श्रेयनामावली पहिल्या फर्म्यात होती, ती आधीच छापून गेली होती. म्हणून त्या मुलीचं नाव पुस्तकात नाही. तिची प्रत द्यायला गेले तेव्हा पहिल्या पानावर हाताने लिहून दिलं. दादा घरी नव्हते. मी तिला पान ३१८ बद्दलची शंका सांगितली.

ती म्हणाली, “पण ते तसंच असते नं, मावशी. नंतर विचारलं तर म्हणतात, तुले कुठं म्हटलं होतं? आन् खरंच नसते म्हटलं.” मग तिने पुस्तक उघडलं, १४१ काढलं आणि सातव्या ओळीवरून बोट फिरवलं, जिथे पूर्वी शब्द होता तिथे.

माझ्या प्रतीत पान ३१८ च्या समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे. दुसरी आवृत्ती निघाली तर त्या दोन ओळींकडे पुन्हा बघायचं आहे.